‘जड वस्तू उचलू नका’: काचबिंदूच्या एका ऑपरेशननंतरचं प्रकरण

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना मी काकू म्हणते. वय ६७. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील काढून लिहितेय. त्यांचं ऑपरेशन मी केलं, नंतरच्या सूचनाही मीच दिल्या, आणि सहाव्या रात्री जे घडलं त्यात त्या सूचनांच्या अपुरेपणाचा वाटा होता असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून सगळं सविस्तर मांडतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी थोडं, आणि ज्यांच्या घरात कुणाचं तरी डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी जास्त.

ऑपरेशनआधी

काकूंना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातलं प्रेशर वाढून डोळ्याची नस झिजत जाण्याचा आजार. उजवा डोळा माझ्याकडे येण्याआधीच गेलेला, त्याने फक्त उजेड कळायचा. डाव्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसायचं), पण बाजूचं दिसणं बरंच आकसलेलं. चार औषधांचे थेंब वेळच्या वेळी घालूनही त्या डोळ्याचं प्रेशर २८-३० च्या खाली येत नव्हतं. निरोगी डोळ्यात ते साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढं असतं. उरलेल्या एकुलत्या एक डोळ्याची नस अशी झिजत असताना वाट बघण्यात अर्थ नव्हता. ट्रॅबेक्युलेक्टमी करायचं ठरलं.

हे ऑपरेशन नेमकं काय असतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर वाहून जातो. काकूंच्या डोळ्यात ती वाट तुंबली होती. आम्ही वरच्या पापणीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, डोळ्याच्या पांढऱ्या कवचात अर्ध्या जाडीची एक छोटी झडप उचलतो, तिच्याखाली आतपर्यंत भोक पाडतो आणि झडप परत टाक्यांनी बसवतो. द्रव झडपेच्या कडेने झिरपतो आणि वरच्या पातळ आवरणाखाली जमून छोटासा फुगवटा तयार होतो. त्याला ब्लेब म्हणतात. ही वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध तिथे काही मिनिटं लावतात.

बाकी बहुतेक ऑपरेशनांत जखम लवकर भरावी म्हणून आपण धडपडतो. इथे ती पूर्ण भरू नये म्हणून औषध लावतो. त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शेजारचे लोक ज्या वेगाने कामाला लागलेले दिसतात, तो वेग इथे लागू पडत नाही. हे मी काकूंना सांगितलं होतं, घाईत, एका वाक्यात.

धोक्याच्या दोन गोष्टी कागदावर नोंदवल्या होत्या. चष्म्याचा नंबर उणे ९, म्हणजे डोळा लांबट, त्याचं कवच पातळ. आणि हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनची रोजची गोळी. तिसरी गोष्टही कागदावर होती, ‘पती आजारी असतात’ या तीन शब्दांत. आजारी म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं.

पहिले पाच दिवस

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी प्रेशर ९. चौथ्या दिवशी ५. ब्लेब छान उठलेला, कुठून गळती नाही, पण डोळ्याचा पुढचा कप्पा थोडा उथळ झालेला आणि सोनोग्राफीत कडेला कोरॉइडच्या, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या, थराखाली किंचित पाणी. हे या ऑपरेशननंतर दिसतं आणि बहुतेकांमध्ये आपोआप ओसरतं.

काकूंचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, तो फोनवर होता. आकडा ऐकून म्हणाला, “तीसवरून पाचवर! म्हणजे एकदम यशस्वीच ना?” मी म्हटलं, “थोडं जास्तच उतरलंय, जपायला लागेल.” बोलणं तिथेच संपलं. या संवादाची मला आज सगळ्यात जास्त चुटपुट लागते. काचबिंदूच्या पेशंटला आणि घरच्यांना आम्हीच वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की प्रेशर कमी म्हणजे चांगलं. मग ते पाचवर आल्यावर त्यांनी आनंद मानला तर नवल काय? अति मऊ डोळा हा अति कडक डोळ्याइतकाच नाजूक असतो, हे कुणीतरी थांबून सांगायला हवं होतं आणि ते काम माझं होतं.

काकूंच्या हातात नेहमीचा छापील कागद दिला. डोळा चोळू नका. रात्री शील्ड (डोळ्यावरचं कडक झाकण) लावून झोपा. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. खाली वाकू नका. पोट साफ ठेवा. सहा आठवडे जड वस्तू उचलू नका. काकूंनी तो घरी नेऊन भिंतीवर, पलंगाजवळ चिकटवला. त्या शिस्तीच्या आहेत. पाण्याची बादली त्यांनी हातात धरली नाही, ओल्या कपड्यांचा पिळासुद्धा शेजारच्या मुलीकडून वाळत घालून घेतला.

सहावी रात्र

काकूंच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी. वजन ७२ किलो. दिवसा एक मदतनीस येतो, रात्री काकू एकट्या. रात्रीतून दोनदा त्यांना कुशीवर वळवायचं, टाचेखालची उशी सारखी करायची, आणि ते उशीवरून खाली घसरले की वर ओढून घ्यायचं. दोन वर्षं हे रोज चाललेलं. ऑपरेशननंतर पहिल्या पाच रात्रीही चाललेलं.

सहाव्या रात्री तीनच्या सुमारास ते पलंगाच्या पायथ्याकडे बरेच घसरले होते. मान वाकडी झालेली, श्वास घरघरत होता. काकू उशाकडे गेल्या, मागून दोन्ही काखांत हात घातले, पाय रोवले, दात आवळले आणि एका दमात त्यांना वर ओढलं. “ओढता ओढताच डोळ्यात कळ आली,” त्या म्हणाल्या. “आतून कुणी अंगठ्याने दाबावं तशी. आणि दिवा लावलेला असून अंधारलं.” तरी त्यांनी यजमानांची मान सरळ केली, उशी दिली, पांघरूण घातलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या. कळ डोक्यात गेली, उलटी झाली. मुलाला फोन लावला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ज्या डोळ्याने नंबर शोधायचा तोच बंद झालेला, म्हणून यजमानांनी चांगल्या हाताने फोन धरला आणि नंबर लावून दिला.

सकाळी आठ वाजता त्या माझ्यासमोर होत्या. नजर ६/१२ वरून फक्त हात हलताना कळेल एवढी. आदल्या तपासणीत ५ असलेलं प्रेशर आता ३२. पुढचा कप्पा जवळजवळ मिटलेला. बाहुलीतून पाहिलं तर आत दोन बाजूंना गडद तपकिरी टेकाडं. सोनोग्राफीत खात्री झाली. कोरॉइड आणि पांढरं कवच यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. दोन्ही टेकाडं एकमेकांना टेकलेली नव्हती, मध्ये जागा होती. त्या सकाळी दिलासा देणारी एवढी एकच गोष्ट होती.

ओढण्याचा आणि डोळ्याचा संबंध

‘जोर लावला की टाके तुटतात’ असं लोक समजतात. काकूंचे टाके शाबूत होते. इथे बिघाड वेगळ्या जागी झाला.

माणूस श्वास रोखून जोर लावतो तेव्हा छातीतला दाब वाढतो. डोक्याकडून हृदयाकडे परतणारं रक्त वाटेत अडतं. चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा टरारतात, ते याच कारणाने. हीच तुंबी डोळ्याच्या आतही होते. पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा थर आहे, तो म्हणजे रक्तवाहिन्यांची गादीच. ती रक्ताने फुगते आणि डोळ्यातलं प्रेशर काही क्षण वर जातं. श्वास सोडला की खाली येतं. निरोगी डोळ्याला याचं काही वाटत नाही. शिंकताना, खोकताना, शौचाला कुंथताना हे आपल्या सगळ्यांचं होत असतं.

काकूंचा डोळा मात्र मऊ पडलेला होता. आतून बाहेर रेटणारा दाब ५ वर आलेला असताना कोरॉइडच्या वाहिन्यांना आतून आधार उरलेला नव्हता. थराखाली पाणी साचल्याने कवचातून कोरॉइडकडे येणाऱ्या बारीक धमन्या आधीच ताणलेल्या. डोळा लांबट, भिंत पातळ, रक्त ॲस्पिरिनमुळे सहज न गोठणारं. अशा डोळ्यात ७२ किलोंच्या ओढीने शिरा तुंबल्या आणि ताणलेली एखादी वाहिनी फाटली. नंतर प्रेशर ३२ झालं ते साचलेल्या रक्ताने आतून जागा व्यापल्यामुळे.

हे त्या ओढण्यानेच झालं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. असा रक्तस्राव झोपेतही झाल्याची उदाहरणं आमच्या शास्त्रात आहेत आणि काकूंच्या डोळ्यात धोक्याची बाकी सगळी कारणं हजर होती. पण कळ ओढता ओढता आली, आधी नाही, नंतर नाही. मला तेवढं पुरेसं आहे.

उपचार

सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब दर तासाला, बाहुली मोठी ठेवणारे ॲट्रोपिनचे थेंब, पोटातून स्टेरॉइड, प्रेशरचं औषध, वेदनेवर गोळ्या. ॲस्पिरिनबद्दल त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून, त्यांच्या संमतीने काही दिवस थांबवली. ही गोळी पेशंटने स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, हृदयाचा धोका डोळ्याच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो.

साचलेलं रक्त लगेच काढता येत नाही, कारण ते गोठलेलं असतं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ते पातळ होतं, मग गरज असेल तर कवचाला छेद देऊन काढतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करत आम्ही वाट पाहिली. बाराव्या दिवशी टेकाडं बसायला लागलेली दिसली. छेद द्यावा लागला नाही. दोन महिन्यांनी पडदा सपाट, नजर ६/१८, ब्लेब चालू, प्रेशर १२. पूर्वीच्या ६/१२ पेक्षा तक्त्यावर एक ओळ कमी. एवढ्यावर निभावलं याला मी नशीब म्हणते. टेकाडं एकमेकांना टेकली असती तर मी हे लिहायला धजावले नसते.

‘हे काय वस्तू आहेत?’

दहाव्या दिवशी, दुखणं कमी झाल्यावर, मी काकूंशी निवांत बोलले. मी म्हटलं, “काकू, उचलायचं नाही असं कागदावर होतं ना?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जड वस्तू उचलू नका असं होतं. हे काय वस्तू आहेत?”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. त्यांनी कागद शब्दशः पाळला होता. वस्तू उचलली नव्हती. नवऱ्याला वर घेणं हे त्यांच्या हिशेबात वजन उचलणं नव्हतंच, जसं आईच्या हिशेबात मूल कडेवर घेणं वजन उचलणं नसतं. मग आम्ही दोघींनी त्यांची एक रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडली. “उचलायचे म्हणजे काय, टाचेखाली उशी सारायला पाय तेवढा उचलायचे,” त्या म्हणाल्या. माणसाचा एक अख्खा पाय त्याच्या वजनाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढा असतो. ७२ किलोंच्या माणसाचा लुळा पाय म्हणजे ११-१२ किलो, आणि लुळा पाय स्वतःहून काहीच मदत करत नाही. त्यातच काकू तो वाकून उचलायच्या, डोकं कमरेच्या खाली नेऊन. डोकं खाली गेलं की डोळ्याचं प्रेशर नुसत्या त्या स्थितीनेही वाढतं. हे रात्रीतून दोनदा, पाच रात्री. पाणी भरलेली १५ लिटरची बादली त्यांनी टाळली होती, आणि जवळपास बादलीएवढाच पाय उचलत होत्या.

वजनाचा आकडा सांगून भागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सगळीकडच्या सूचनापत्रांत चार-पाच किलोंच्या आसपासचे आकडे असतात, सगळ्यांचा मिळून एक ठरलेला असा आकडा नाही. आकडा असू दे, त्याचा उपयोग आहे. पण डोळ्यावर ताण किती येतो हे वजनाइतकंच श्वासावर ठरतं. व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्यांची मोजणी करून दाखवलं गेलंय की श्वास रोखून उचललं तर प्रेशर जास्त चढतं, सोडत उचललं तर कमी. कोंडलेल्या श्वासाने शौचाला बसणारा माणूस काहीच न उचलता डोळ्याला धोका देतो. म्हणून पोट साफ ठेवण्याची सूचना वजनाच्या सूचनेच्या बरोबरीची आहे, आणि ती लोक हसण्यावारी नेतात.

दुसरी गोष्ट, सगळ्या ऑपरेशनांना एकच कागद देण्याची आमची सवय. ही सवय कुठून आली ते समजण्यासारखं आहे. एके काळी मोतीबिंदूसाठी डोळ्याला १०-१२ मिलिमीटरचा छेद द्यावा लागायचा, आणि पेशंटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसेंदिवस उताणं निजवत. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली, आणि आज तो छेद दोन-तीन मिलिमीटरवर आलाय, बहुधा बिनटाक्याचा. त्यानंतर सहसा एक-दोन आठवड्यांची काळजी पुरते. हाताने मोतीबिंदू काढण्याच्या पद्धतीत छेद सहा मिलिमीटरच्या आसपास, तिथे थोडं जास्त जपावं. पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात गॅस भरला असेल तर वजनापेक्षा डोकं कसं ठेवायचं याला महत्त्व, आणि गॅस जाईपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद, कारण उंचीवर तो गॅस फुगतो. बुबुळ बदललं असेल तर टाके वर्ष-वर्ष राहतात आणि ती जखम पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही. आणि काचबिंदूच्या ऑपरेशनात धोका जखमेपेक्षा मऊपणाचा. इतक्या वेगवेगळ्या डोळ्यांना ‘जड वस्तू उचलू नका’ हे एकच वाक्य कसं पुरणार?

घरात काय बदललं

पहिले तीन आठवडे मुलगा रात्रीला राहिला. त्यानंतर काय, हा खरा प्रश्न होता. यजमानांच्या फिजिओथेरपिस्टना आम्ही काकूंसोबत बोलावलं, आणि त्यांनी एका तासात जे दाखवलं ते मी माझ्या अख्ख्या शिक्षणात शिकले नव्हते.

यजमानांच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत एक आडवी दुमडलेली चादर कायम अंथरलेली ठेवायची. वर घ्यायचं असेल तेव्हा आधी पलंगाचा डोक्याकडचा भाग सपाट करायचा. चढावर ओढण्यात निम्मी ताकद वाया जाते. यजमानांनी चांगला गुडघा दुमडून टाच गादीत रोवायची. दोन बाजूंना दोन माणसं, चादरीच्या कडा मुठीत, कंबर न वाकवता गुडघ्यात वाकून, आणि उचलायचं नाही, सरकवायचं. एकटं माणूस असेल तर वर घेण्याचा प्रयत्नच करायचा नाही, मान आणि श्वास मोकळा होईल असं कुशीवर वळवायचं आणि मदत येईपर्यंत तसंच ठेवायचं. कुशीवर वळवणं हे ढकलणं आहे, त्याला फार जोर लागत नाही. टाचेखालच्या उशीसाठीही पाय उचलायचा नाही. यजमान कुशीवर असतानाच उशी सारून ठेवायची.

एक गोष्ट मी त्यात घातली. जोर लावताना मोठ्याने बोलायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. फिजिओथेरपिस्ट ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगत होते, काकूंना ते रुचलं नाही. त्या यजमानांशीच बोलतात. “अहो, टाच रोवा. रोवली का? आता ढकला, मी आहे इकडून.” वाक्य संपेपर्यंत ते वळलेले असतात. दोन वर्षं हे काम त्या तोंड मिटून, दात आवळून करत होत्या. यजमानांना झोपेतून दचकवायला नको म्हणून.

माझ्याकडेही बदल झाला. ऑपरेशन ठरवताना मी आता विचारते, “रात्री घरात कोण उठतं, आणि कशासाठी?” या प्रश्नाला मिळणारी उत्तरं ऐकून थक्क व्हायला होतं. कुणी अंथरुणातल्या आईला उठवून बसवतं, कुणी चालता न येणाऱ्या मुलीला कडेवर घेऊन न्हाणीत नेतं. ‘काही उचलता का’ विचारलं असतं तर सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं. असं कुणी असेल तर दुसरा माणूस नक्की ठरल्याशिवाय मी तारीख देत नाही. तातडी असेल तर झडपेचे टाके सुरुवातीला घट्ट बांधते आणि पुढच्या आठवड्यांत लेसरने एकेक सैल करते, म्हणजे डोळा एकदम मऊ पडत नाही. कागदावर आता ‘वस्तू’ हा शब्द नाही. ‘माणूस, मूल, भरलेलं भांडं, काहीही उचलताना किंवा ओढताना श्वास रोखावा लागत असेल, तर ते काम दुसऱ्याला सांगा’ असं आहे. कागद काकूंना वाचून दाखवला आणि त्यांनी ‘किंवा वळवताना’ हे दोन शब्द घालायला लावले.

तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या तेव्हा प्रेशर १२ वर स्थिर होतं. म्हणाल्या, “आता पहिल्यासारखं वर घेतलं तर चालेल ना? दोन माणसं रोज कुठून आणू?” मी सांगितलं, घरातली रोजची कामं हळूहळू करा, हलकं वजन चालेल. काखेत हात घालून ओढणं मात्र कायमचं बंद. डोळा लांबट आहे, तो एकच आहे, ही कारणं मी पुन्हा सांगितली. त्या ऐकत होत्या, पण मनात दुसरा हिशेब चालू होता हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग फिजिओथेरपिस्टनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, की पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा स्नायूंनी नीट धरून ठेवलेला नसतो, काखेतून ओढलं की तो सांध्यातून खाली सरकतो, आणि यजमान वर्षभर ज्या खांद्याच्या दुखण्याची तक्रार करतात त्याचं कारण बहुधा तेच आहे.

काकू एकदम गप्प झाल्या. पदराने डाव्या डोळ्याची कड टिपणार होत्या, हात मध्येच थांबवला, चोळायचा नाही हे आठवून. “डोळ्याचं राहू द्या डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “हे आधी सांगायचं होतं ना.” त्या दिवसापासून त्यांनी यजमानांना एकटीने वर ओढलेलं नाही.